अमेरिकेचं पीपीएल घेऊन जळगावात विमान उडवता येतं का?

केळीवाले_नाना (रावेर)

मंडळी, विमानातलं कळणारं कोणी असेल तर जरा सांगा. माझा भाचा डॅलसला नोकरीला आहे. शनिवार-रविवार शिकून त्याने तिकडे प्रायव्हेट पायलट लायसन्स (पीपीएल) काढलं. दिवाळीला येतोय आणि त्याचा बेत असा: जळगाव नाहीतर धुळ्याहून चार सीटचं विमान भाड्याने घ्यायचं, मला आणि त्याच्या आईला बसवायचं, हतनूर धरण, तापी, आमचे केळीचे मळे वरून दाखवायचे. बहिणीची हौस वेगळीच, तिला दिवे लागल्यावर भुसावळ जंक्शन बघायचंय. खर्च तिघांत वाटू म्हणतो. परत जाताना जर्मनीत मित्राकडे उतरून तिथेही उडवणार आहे.

तो म्हणतो लायसन्स आंतरराष्ट्रीय असतं. मी गावात दहा जणांना सांगून बसलोय. खरं काय?

गोंदूरकर

नाना, भाच्याचं अभिनंदन. पण त्या दहा जणांना आजच निरोप पाठवा की बेत बदलला.

मी धुळ्याकडे प्रशिक्षणाच्या क्षेत्रात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. १९४४ च्या शिकागो करारातून इकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना आली. तिच्या परिशिष्ट १ मध्ये पीपीएलसाठी किमान काय हवं ते ठरलेलं आहे. वय १७. उड्डाण ४० तास, मान्यताप्राप्त कोर्स असेल तर ३५. त्यात १० तास एकट्याने, त्या दहातले ५ क्रॉस-कंट्री (एका विमानतळावरून दुसरीकडे जाणारं लांबचं उड्डाण), आणि एक उड्डाण किमान २७० किलोमीटरचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. मेडिकल क्लास २. मोबदला घ्यायचा नाही. एवढं सगळीकडे सारखं. यापुढे रात्री उडायचं का, किती माणसं न्यायची, खर्च कसा वाटायचा, लायसन्स किती वर्षं चालायचं, हे प्रत्येक देशाचं प्राधिकरण आपापलं ठरवतं.

आणि मुख्य गोष्ट विमानावर रंगवलेल्या अक्षरांची. आपल्याकडे नोंदलेल्या विमानावर ‘व्हीटी’ असतं, अमेरिकेच्या विमानावर ‘एन’, जर्मनीच्या ‘डी’, कॅनडाच्या ‘सी’. कराराचं कलम ३२ सांगतं की ज्या देशात विमान नोंदलंय त्या देशाने दिलेलं किंवा ग्राह्य धरलेलं लायसन्स पायलटकडे हवं. भाच्याचं एफएएचं (अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाचं) कार्ड ‘एन’वाल्या विमानाला चालतं. गोंदूरला (धुळ्याच्या विमानतळावर) किंवा जळगावला उभं असलेलं प्रशिक्षणाचं विमान ‘व्हीटी’ आहे. डीजीसीएची, म्हणजे आपल्या विमान प्राधिकरणाची मोहोर नसेल तर कॅप्टन म्हणून त्याला तिथे बसता येत नाही.

तापीपुत्र

म्हणजे तिकडे डॉलर ओतले ते पाण्यात?

गोंदूरकर

पाण्यात कसे? लॉगबुकातले तास कुठे जात नाहीत. ते मोजले जातात.

विमानवेडा_रावेरकर

मामा, तुम्ही धागाच काढलात! ऑफिसमधल्या मित्राने लिंक पाठवली.

बरं, माझी बाजू मांडतो. मी कलम ३३ वाचलंय, त्यात एकमेकांची लायसन्सं मान्य करायची असं आहे. म्हणून म्हणालो आंतरराष्ट्रीय. आणि रात्रीचं म्हणाल तर एफएएच्या पीपीएलमध्ये रात्र आधीच धरलेली असते. ३ तास रात्रीचं प्रशिक्षण, त्यात १०० नॉटिकल मैलांहून लांब एक क्रॉस-कंट्री, १० टेकऑफ आणि १० लँडिंग पूर्ण थांबून. हे केल्याशिवाय परीक्षेला बसूच देत नाहीत. त्यामुळे आईला भुसावळचे दिवे दाखवण्याइतका सराव आहे माझा.

गोंदूरकर

कलम ३३ पुन्हा वाच बेटा. ज्या देशात विमान नोंदलंय त्याच देशाने दिलेलं लायसन्स बाकीच्यांनी मान्य करायचं, असं ते आहे. म्हणजे तू ‘एन’ विमान घेऊन दुसऱ्या देशात गेलास तर त्यांनी मानायचं. तुझं कार्ड त्यांच्या विमानाला लावा, असं त्यात कुठेच नाही. शिवाय ३२ मध्ये एक उपकलम आहे: आपल्याच नागरिकाने परदेशातून आणलेलं लायसन्स स्वतःच्या हद्दीत नाकारायचा हक्क प्रत्येक देशाने राखून ठेवलाय. तुझा पासपोर्ट अजून भारताचा असेल तर हेही लक्षात ठेव.

आता रात्र. तुझा सराव असेल, त्यावर शंका नाही. पण आपल्याकडे व्हीएफआर (डोळ्यांनी बाहेर बघून करायचं) उड्डाण सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी संपतं ते सूर्योदयाआधी २० मिनिटांपर्यंत बंद. एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) सूट दिली तर विमानतळाजवळचं स्थानिक उड्डाण किंवा क्लबचं प्रशिक्षण, तेवढंच. जळगावहून उडून अंधारात भुसावळवर घिरट्या घालायच्या आणि तेही हौसेखातर, हे होणार नाही. इथे लायसन्सचा प्रश्नच येत नाही, हवाई हद्दीचा नियमच तसा आहे. कुठल्याही देशाचं कार्ड असलं तरी ज्या आकाशात आहेस तिथले नियम पाळावे लागतात.

म्युनिकचा_अमळनेरकर

रात्रीवर माझी भर. युरोपात ईएएसएच्या (युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेच्या) पीपीएलमध्ये रात्र येत नाही. पीपीएल ४५ तासांचं, आणि त्यावर वेगळं नाइट रेटिंग, म्हणजे लायसन्सला जोडून घ्यायची जादा परवानगी. रात्रीचे ५ तास, त्यातले किमान ३ प्रशिक्षकाबरोबर, एक क्रॉस-कंट्री, आणि ५ एकट्याने टेकऑफ, ५ पूर्ण थांबून लँडिंग. मी गेल्या हिवाळ्यात केलं. उन्हाळ्यात इथे दहा वाजेपर्यंत अंधारच पडत नाही, त्यामुळे सगळे हिवाळ्यात रांग लावतात आणि नेमकं तेव्हाच धुकं.

तुमच्या भाच्याने जर्मनीत काय करावं ते नंतर लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

विनिपेगची_चोपडेकर

कॅनडाचं आणखी कडक. पीपीएल ४५ तास. रात्रीसाठी १० तास रात्रीचं उड्डाण, निम्मं प्रशिक्षकाबरोबर आणि निम्मं एकटीने, वर १० तास नुसत्या उपकरणांवर उडवायचं प्रशिक्षण. मला आधी हे जास्तच वाटलं होतं. मग जानेवारीत शहर मागे टाकलं आणि पुढे क्षितिजच दिसेना. बर्फ, शेतं, आभाळ, सगळं एकच काळं. तेव्हा ते उपकरणांचे तास का मागतात ते समजलं.

अजून एक फरक कोणी सांगत नाही. ढगांच्या थराच्या वरून, खाली जमीन दिसत नसताना व्हीएफआर जायचं असेल तर कॅनडात त्याचं वेगळं रेटिंग लागतं, ओव्हर-द-टॉप. अमेरिकेत साध्या पीपीएलवर जाता येतं. सीमेच्या अलीकडे-पलीकडे तेच ढग, तेच सेसना.

सेवानिवृत्त_मास्तर (नंदुरबार)

मला एक कळलं नाही. सगळ्यांनी एकाच करारावर सह्या केल्या, मग एवढे फरक कशाला? एकच नियम करून टाका.

गोंदूरकर

मास्तर, करार किमान मर्यादा ठरवतो. ती पाळता येत नसेल तर तो देश तसं इकाओला कळवतो, त्याला ‘फरक नोंदवणं’ म्हणतात. त्या किमान मर्यादेच्या खालची लायसन्संही आहेत, फक्त ती देशाबाहेर आपोआप चालत नाहीत. कॅनडाचं रिक्रिएशनल परमिट २५ तासांत मिळतं: दिवसा, एकच प्रवासी. ऑस्ट्रेलियाचं रिक्रिएशनल लायसन्स पण २५ तासांचं, पण नेव्हिगेशनचं एन्डॉर्समेंट (जादा मंजुरीची नोंद) नसेल तर उड्डाणाच्या ठिकाणापासून २५ नॉटिकल मैलांच्या आत राहायचं. युरोपचं एलएपीएल (हलक्या विमानांचं लायसन्स) ३० तास, २००० किलोपर्यंतचं विमान, जास्तीत जास्त तीन प्रवासी, आणि लायसन्स हाती आल्यावर १० तास कॅप्टन म्हणून उडाल्याशिवाय प्रवासी न्यायचा नाही. ही शेवटची अट मला आवडते. आपल्याकडेही हवी होती, हे माझं वैयक्तिक मत.

तापीपुत्र

मुद्द्याचं बोला. खर्च तिघांत वाटता येतो की नाही? नानांच्या खिशाचा प्रश्न आहे.

वकीलबाई_धुळे

हा प्रश्न दिसतो साधा, पण कोर्टात जातो तो हाच.

एफएएचा नियम असा: पीपीएलवाला मोबदला घेऊ शकत नाही, पण इंधन, तेल, विमानतळाचा खर्च आणि विमानाचं भाडं एवढ्या चार गोष्टी प्रवाशांबरोबर वाटून घेऊ शकतो. पायलटने आपल्या हिश्श्यापेक्षा कमी भरायचं नाही. तिघं असतील आणि खर्च ३०० डॉलर असेल तर पायलटचे निदान १०० गेलेच पाहिजेत. शिवाय सगळ्यांचा जाण्याचा हेतू एक हवा. पायलटला स्वतःला तिकडे जायचं नाही, फक्त तुम्हाला सोडायला निघालाय, तर अडचण.

युरोपात खर्च सगळ्यांत वाटता येतो, पायलट धरून सहा माणसांपर्यंत, फक्त त्या उड्डाणाचा प्रत्यक्ष खर्च. पायलटचा हिस्सा किती असावा याचं अमेरिकेसारखं गणित नाही. म्हणून तिकडे विंगलीसारखं संकेतस्थळ चालतं, अनोळखी माणसं सीट शोधतात आणि पायलटबरोबर खर्च वाटून जातात. अमेरिकेत फ्लायटनाऊ नावाच्या कंपनीने तेच करायचा प्रयत्न केला. एफएए म्हणाली, लोकांना जाहीर आमंत्रण दिलं की तुम्ही धंदा करताय. प्रकरण वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात गेलं, २०१५ मध्ये निकाल एफएएच्या बाजूने लागला. आपली काळी-पिवळी स्टँडवर उभी राहून ‘अमळनेर, अमळनेर’ ओरडते तेव्हा ती घरची गाडी राहत नाही. कोर्टाचं म्हणणं जवळपास तेच होतं.

भारतात पीपीएल म्हणजे मोबदल्याशिवाय, हे स्पष्ट आहे. पैसे घेऊन माणसं न्यायची तर नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट (वेळापत्रकाशिवाय भाड्याने विमान चालवायचा परवाना) लागतं. भाच्याने मामाकडून पेट्रोलचे पैसे घेतले म्हणून कोणी खटला भरेल असं मी म्हणत नाही. पण काही झालं आणि विमा कंपनीचा माणूस आला, तर पहिला प्रश्न पैशांचा आणि दुसरा लायसन्सचा असतो.

केळीवाले_नाना (रावेर)

मग मी माझ्या केळीच्या धंद्यासाठी दिल्लीला जायचं आणि भाच्याने उडवायचं, हे?

विमानवेडा_रावेरकर

मामा, अमेरिकेत माझा स्वतःचा धंदा किंवा नोकरी असेल आणि उडणं त्यात निव्वळ आनुषंगिक असेल तर मी मीटिंगला स्वतः उडवत जाऊ शकतो. पण पैसे घेऊन माणसं किंवा माल न्यायचा नाही. केळीचं एक खोकं जरी भाड्याने नेलं तरी लायसन्स धोक्यात.

बामणोदचं_भरीत

केळी विमानाने पाठवायची म्हणजे भाव काय लावणार नाना? 😄

वकीलबाई_धुळे

हसा. पण लायसन्सवर काय लिहिलंय आणि प्रत्यक्षात काय उडवलं, यात अंतर पडलं की काय होतं त्याचं एक प्रकरण लिहिते.

२१ जानेवारी २०१९. अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्समधल्या नांतहून ब्रिटनमधल्या कार्डिफला निघाला. विमान एक इंजिनाचं पायपर मालिबू, नोंदणी अमेरिकेची, ‘एन’. पायलटकडे ब्रिटिश पीपीएल आणि त्याच्या आधारावर दिलेलं एफएएचं प्रमाणपत्र. गर्नसीजवळ इंग्लिश खाडीत विमान कोसळलं, दोघेही गेले.

ब्रिटनच्या अपघात तपास शाखेचा अहवाल मार्च २०२० मध्ये आला. अंधारात, ढग टाळायच्या धडपडीत विमानावरचा ताबा सुटला, आणि पायलटला बहुधा एक्झॉस्टमधून आलेल्या कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली होती. लायसन्सच्या बाजूने बघाल तर पायलटला रात्रीचं रेटिंग नव्हतं. एक इंजिनाच्या विमानांचं रेटिंग नोव्हेंबर २०१८ मध्येच संपलं होतं. आणि पैसे घेऊन प्रवासी न्यायची मुभा त्याला कुठल्याच कागदाने दिलेली नव्हती. ज्याने हे उड्डाण जमवलं त्याला २०२१ मध्ये १८ महिन्यांची कैद झाली.

यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. परदेशी लायसन्सच्या आधारावर एफएए जे प्रमाणपत्र देते त्याला मूळ लायसन्सच्या मर्यादा चिकटून येतात. अमेरिकेच्या पीपीएलमध्ये रात्र असते म्हणून ब्रिटिश पायलटला ती आपोआप मिळाली असं होत नाही.

विमानवेडा_रावेरकर

हे मला माहीत नव्हतं. सालाचा अपघात आठवतो, पण बातम्यांत हवामान आणि फुटबॉल यावरच चर्चा होती.

म्युनिकचा_अमळनेरकर

मीटिंग संपली. जर्मनीचं सांगतो.

सर्वात सोपा मार्ग: मित्राला कॅप्टन होऊ दे, तू शेजारी बस. किंवा प्रशिक्षकाबरोबर उडव, तो वेळ प्रशिक्षण म्हणून लॉगबुकात जातो. दोन तासांसाठी कागद रंगवण्यात अर्थ नाही.

पण उद्या इकडे राहायला आलास तर गोष्ट वेगळी. एरवी इकाओचं कुठलंही पीपीएल ईएएसएमध्ये बदलायचं तर १०० तासांचा अनुभव, हवाई कायदा आणि मानवी क्षमता या दोन विषयांची परीक्षा, मेडिकल आणि स्किल टेस्ट. अमेरिका आणि युरोपमध्ये मात्र लायसन्सबद्दल वेगळी कार्यपद्धती ठरली आहे, २०२१ पासून लागू आहे, त्यामुळे एफएएवाल्याचं काम बरंच हलकं झालं. कॅनडा आणि अमेरिकेचं तसंच आहे ना ताई?

विनिपेगची_चोपडेकर

हो, आमचं २००६ पासून. लेखी परीक्षा, मेडिकल, सुरक्षा तपासणी, की झालं. रात्रीचं आणि उपकरणांचंही बदलून मिळतं.

म्युनिकचा_अमळनेरकर

ब्रिटन मात्र आता आमच्यात नाही. २०२० अखेर ते ईएएसएमधून बाहेर पडले आणि काल चालणारी त्यांची लायसन्सं दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे परकी झाली. लंडनच्या एका ओळखीच्याला दोन-दोन कार्डं सांभाळावी लागतात. त्याच्याकडे ब्रिटनचं एक खास उपकरण रेटिंग आहे, ते समुद्र ओलांडून इकडे आला की उपयोगाचं नाही.

अजून एक. एफएएच्या कार्डाला संपायची तारीख नसते, दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर फ्लाइट रिव्ह्यू केला की पुरे. आमच्याकडे एक इंजिनाच्या विमानाचं रेटिंग दोन वर्षांचं. ते वाढवायला शेवटच्या १२ महिन्यांत १२ तास, त्यातले ६ कॅप्टन म्हणून, १२ टेकऑफ-लँडिंग आणि तासभर प्रशिक्षकाबरोबर. आळशी माणसाने युरोपात पायलट होऊ नये.

दमेकरी_पाचोरा

मेडिकलचं कोणी लिहिलं नाही. मला लहानपणी दमा होता. अमेरिकेत म्हणे फॅमिली डॉक्टरच्या सहीवर उडता येतं?

विमानवेडा_रावेरकर

काका, ते बेसिकमेड, २०१७ पासून. साधा परवानाधारक डॉक्टर ठराविक यादीप्रमाणे तपासतो आणि एक ऑनलाइन कोर्स करावा लागतो. पण त्याआधी कधीतरी एफएएचं रीतसर मेडिकल झालेलं असावं लागतं, १४ जुलै २००६ नंतर वैध असलेलं. आणि हे इकाओच्या मर्यादेखालचं आहे, त्यामुळे मोजक्या देशांपलीकडे कोणी मानत नाही. भारतात डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडूनच क्लास २. जुन्या दम्याचं काय ते त्यालाच आधी विचारा, पैसे भरण्यापूर्वी.

शिरपूरचा_पंप्या

भाऊ, मनं तं डोकं गरगराले लागनं. एक इमान उडावाले इतले कागद! आम्ही कुसुंब्याले विमान बघाले जातस तेच बरं शे.

गोंदूरकर

पंप्या, कागदाचं अजून संपलेलं नाही. 😀

भाच्याला इथलं खरं वेगळेपण उडायला लागल्यावर कळेल. टेक्ससमध्ये टॉवर नसलेल्या छोट्या धावपट्टीवरून तो कोणाला न सांगता उडू शकतो, व्हीएफआरला फ्लाइट प्लॅन ऐच्छिक. कॅनडात २५ नॉटिकल मैलांच्या पलीकडे जायचं तर प्लॅन, किंवा निदान कुठे जाणार ते कोणाला तरी सांगून. आपल्याकडे फ्लाइट प्लॅन भरा, हवाई संरक्षणाचा एडीसी नंबर घ्या, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर घ्या, मग इंजिन सुरू करा. हा भाग कुठल्याही रूपांतराच्या कागदात शिकवत नाहीत.

आता व्यवहाराचं. विमान नियम १९३७ मध्ये परदेशी लायसन्स ग्राह्य धरायची तरतूद आहे, पण ती सरकारच्या मर्जीवर आणि अटींवर. दिवाळीच्या दोन आठवड्यांत होण्यासारखं ते काम नाही. पुढेमागे इथे नियमित उडवायचं असेल तर भारतीय पीपीएलच काढ. ईजीसीए या डीजीसीएच्या संकेतस्थळावर खातं उघड, परीक्षेसाठीचा कम्प्युटर नंबर घे, हवाई नियमांची लेखी परीक्षा दे, क्लास २ मेडिकल कर. रेडिओची परीक्षा वेगळी, आरटीआर. ती इतकी वर्षं दूरसंचार खात्याकडे होती, १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने डीजीसीएकडे आणली. अमेरिकेत देशातल्या देशात उडायला रेडिओचं लायसन्सच लागत नाही, त्यामुळे तिकडून येणारी पोरं नेमकी इथे अडकतात.

आणखी एक फरक. तुझ्या कार्डावर ‘एक इंजिन, जमिनीवरचं’ एवढंच असेल. १२,५०० पौंडांपर्यंतचं साधं विमान त्यात बसतं. २०० हॉर्सपॉवरच्या वर किंवा आत घेता येणारी चाकं असली की प्रशिक्षकाचं एन्डॉर्समेंट. भारतीय लायसन्सवर विमानाचा प्रकार नोंदलेला असतो. सेसना १७२ लिहिलंय म्हणून पायपर उडवता येत नाही.

विमानवेडा_रावेरकर

म्हणजे दिवाळीला काय शक्य आहे, सरळ सांगा सर.

गोंदूरकर

प्रशिक्षण संस्थांना विचारून बघ, पण अपेक्षा ठेवू नकोस. विद्यार्थ्याचं लायसन्स नसताना इथे कंट्रोल हातात देत नाहीत, आणि प्रशिक्षणाच्या विमानात मामा आणि आई मागे बसवणं तर नाहीच.

आई-मामांना विमानात बसवायचंच असेल तर जळगावहून गोव्याचं तिकीट काढ, फ्लाय९१ कंपनीचं एटीआर हे छोटं प्रवासी विमान जातं. खिडकीची सीट घ्या. बाकी तुला जे करता येईल ते कागदाचं काम. ओक्लाहोमा सिटीला एफएएची लायसन्स शाखा आहे. तिच्याकडून तुझं प्रमाणपत्र खरं असल्याची पडताळणी थेट डीजीसीएकडे जायला हवी. ती विनंती तिकडे असतानाच टाक. लॉगबुकाच्या प्रत्येक पानावर प्रशिक्षकाची सही आणि त्याचा सर्टिफिकेट नंबर आहे का बघ. एकट्याने केलेली क्रॉस-कंट्री कुठून कुठे, किती अंतर, कुठे उतरलास, हे स्पष्ट लिहून घे. नुसतं ‘लोकल एरिया’ लिहिलेलं पान इथे कोणी धरत नाही.

विमानवेडा_रावेरकर

लॉगबुक ॲपमध्ये आहे सर, छापील नाही. चालेल?

गोंदूरकर

छापून घे, बांधून घे आणि फ्लाइंग स्कूलचा शिक्का मारून आण.

केळीवाले_नाना (रावेर)

गोव्याच्या तिकिटाला किती पडतील?